प्राध्यापक-प्रशिक्षकाची कुळकथा

अमेरिकेतील प्रत्येक मोठ्या विद्यापीठात आज क्रीडासंचालक हे एक वजनदार पद असते. संघांचे प्रशिक्षक, सामन्यांचे वेळापत्रक, मैदाने आणि क्रीडानिधी या सर्वांची जबाबदारी त्याच्याकडे असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र तेथील महाविद्यालयीन खेळ विद्यार्थ्यांच्याच हाती होता. 6 नोव्हेंबर 1869 रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झालेल्या सामन्यापासून महाविद्यालयीन फुटबॉलची परंपरा मोजली जाते. लंबगोल चेंडू हातात घेऊन मुसंडी मारण्याच्या आजच्या अमेरिकन फुटबॉलचे रूप तिच्यातूनच पुढे घडत गेले. संघ निवडणे, सराव घेणे आणि वर्गणी जमवणे ही कामे विद्यार्थी कर्णधार व विद्यार्थी व्यवस्थापक करीत, आणि या खेळाचे नियम घडविणारा वॉल्टर कॅम्पसुद्धा घड्याळाच्या कंपनीतील नोकरी सांभाळून येल विद्यापीठाच्या संघाला सल्ला देत असे.

ही व्यवस्था बदलणारी नेमणूक शिकागो विद्यापीठात झाली. विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर पूर्वी येल येथे शिकवीत असत आणि एमॉस अलोन्झो स्टॅग हा तेथील त्यांचा विद्यार्थी होता. 1862 मध्ये न्यू जर्सी राज्यात जन्मलेला स्टॅग धर्मोपदेशक होण्यासाठी येलला गेला होता. परंतु आपल्या अंगी वक्तृत्व नाही अशी खात्री पटल्यावर तो मार्ग सोडून, तरुणांना खेळातून चारित्र्याचे शिक्षण देता येईल या श्रद्धेने तो स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीए प्रशिक्षणशाळेत दाखल झाला. हार्पर यांनी त्याला 1892 मध्ये सहयोगी प्राध्यापकाचा दर्जा देऊन शारीरिक शिक्षण व क्रीडा विभागाचे प्रमुखपद दिले आणि ही नेमणूक कायम स्वरूपाची केली. फुटबॉल प्रशिक्षकाला असे स्थान मिळण्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते. विद्यापीठ नवे असल्याने खेळाडूंची वाण होती, म्हणून पहिल्या हंगामात स्टॅग स्वतःही मैदानात उतरला.

हार्पर यांना खेळ विद्यापीठाच्या कीर्तीसाठी हवा होता, तर स्टॅगला तो संस्काराचे साधन वाटत होता, आणि दोघांचे हेतू काही काळ एकाच दिशेने गेले. 1905 मध्ये शिकागोने मिशिगनला 2-0 असे हरवून त्या संघाची 56 सामन्यांची अपराजित वाटचाल थांबवली. त्याच वर्षी खेळातील मृत्यूंमुळे व गैरप्रकारांमुळे देशभर क्षोभ उसळला असता, मध्य-पश्चिमेकडील विद्यापीठांच्या ‘वेस्टर्न कॉन्फरन्स’ने, म्हणजे पुढे ‘बिग टेन’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या गटाने, 1906 मध्ये सुधारणा ठरवल्या. प्रशिक्षक हा विद्यापीठाच्या अध्यापकवर्गातील असावा आणि त्याचे वेतन माफक असावे, ही त्यांतील एक अट होती. अशा रीतीने शिकागोचा प्रयोग नियमाच्या रूपाने इतरत्र पोहोचला.

या पदाची दुसरी बाजूही शिकागोतच प्रकट झाली. सामन्यांचे तिकिटांचे उत्पन्न आणि विभागाचा कारभार स्टॅगच्या हाती एकवटल्याने, विद्वत्सभेच्या देखरेखीपासून क्रीडाविभाग बराचसा अलिप्त राहिला. पुढे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या कारकिर्दीत 70 वर्षांचा निवृत्तिनियम त्यालाही लागू झाला आणि 41 हंगामांनंतर, 1932 मध्ये, तो शिकागोतून बाहेर पडला. त्याने लगोलग कॅलिफोर्नियातील पॅसिफिक महाविद्यालयाचा संघ घेतला आणि 1943 मध्ये, वयाच्या 81व्या वर्षी, त्याला वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान मिळाला. शिकागोने मात्र 1939 मध्ये आंतरविद्यापीठीय फुटबॉल बंद केला आणि तो तेथे 1969 मध्येच परतला.

स्टॅगचे 1965 मध्ये, वयाच्या 102व्या वर्षी निधन झाले. प्रशिक्षकाला अध्यापकाची प्रतिष्ठा मिळाली हा त्याच्या नेमणुकीचा मोठा लाभ होय. परंतु ती प्रतिष्ठा टिकायची तर अध्यापकाचे उत्तरदायित्वही प्रशिक्षकाने तितकेच पत्करले पाहिजे, आणि ही अट ज्या विद्यापीठाने सैल सोडली, तेथे खेळ शिक्षणाचा भाग राहिला नाही.