मलयाळी पाकपरंपरा

केरळातील मलयाळीभाषक समाजांची पिढीजात स्वयंपाकपद्धती. सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधील पावसाळी पट्ट्यात ती घडली. तांदूळ, नारळ, केळी, फणस, सुरण, मासे आणि मिरी ही तिची मूळ सामग्री. हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती घरांतला शिधा बराचसा सारखाच. प्रत्येक समाजाने त्यातून आपापली चव घडवली, हे या परंपरेचे खरे वैभव होय.

तांदूळ : रोजच्या जेवणात कोकणातल्यासारखा लालसर उकडा तांदूळ असतो, पालक्काडचा मट्टा तांदूळ विशेष नावाजलेला. पेजेला ‘कंजी’ म्हणतात. ती मुगाच्या उसळीबरोबर, फणसाचे पान दुमडून केलेल्या चमच्याने खाण्याची जुनी रीत आहे. कर्किडकम या मुसळधार पावसाच्या महिन्यात ‘ञवरा’ तांदळाची औषधी कंजी घेतात. तांदळाच्या पिठाचे थर आणि ओले खोबरे नळीत भरून वाफवले की पुट्टू होतो. पूर्वी ही नळी बांबूची असे.

नारळ : एकाच नारळाची रूपे पदार्थागणिक बदलतात. तोरनमध्ये नुसता खवलेला चव, अवियलमध्ये जिरे-मिरचीसह भरड वाटण, एरिश्शेरीत तांबूस परतलेले खोबरे, तर कोहळा-चवळीच्या ओलनमध्ये नारळाचे दूध. अवियल उतरवताना कढीपत्ता आणि कच्चे खोबरेल वरून सोडतात.

सद्या : केळीच्या पानावरची पंगत. पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डावीकडे असतो. केळ्याचे काप, गूळ लावलेली शर्करवरट्टी, लोणची आणि आंबटगोड इंजीकरी प्रथम वाढतात. भातावर आधी वरण-तूप, मग सांबार. पुढे पायसम, रसम आणि ताक. अडप्रधमन हे पायसम तांदळाच्या पातळ पापुद्र्यांचे तुकडे, गूळ आणि नारळाच्या दुधाचे. ओणम सणाची सद्या महाबली राजाच्या स्वागताची असल्याने ती चुकवू नये, अशी लोकभावना आहे; जमीन विकावी लागली तरी ओणमचे जेवण जेवावे, अशा अर्थाची म्हणच आहे. सद्या बहुधा शाकाहारी असते. उत्तर मलबारात मात्र सणाच्या पानावर मासे-मटणही वाढतात. आरन्मुळा येथील वळ्ळसद्येत, म्हणजे नौकांच्या सद्येत, साठाहून अधिक पदार्थ असतात आणि नौकांचे वल्हेकरी गाण्यांतून हवा तो पदार्थ मागून घेतात.

समाजपरत्वे रूपे : मलबारातील माप्पिळा मुस्लिमांकडे तांदळाची पत्तिरी, बारीक दाण्याच्या कैमा तांदळाची तलश्शेरी बिर्याणी आणि अरबी वळणाची, गहू व मांस घोटून केलेली अलीसा आढळते. सीरियन ख्रिस्ती घरांत ताडी घालून आंबवलेल्या पिठाचे आप्पम आणि नारळाच्या दुधातला इष्टू हा सणाचा बेत. पवित्र गुरुवारी घरातील कर्ता पुरुष न आंबवलेले ‘पेसहा आप्पम’ मोडून सर्वांना देतो. मातीच्या भांड्यातल्या तांबड्या मीनकरीला आंबटपणा येतो तो कोकमाच्याच प्रजातीतील कुडमपुळीमुळे.

सागरी संपर्क : मिरीच्या ओढीने अरब, चिनी आणि 1498 नंतर पोर्तुगीज येथे आले. कढईला ‘चीनच्चट्टी’ आणि लोणच्याच्या बरणीला ‘चीनभरणी’ म्हणतात, ती चिनी व्यापाराची खूण. पूर्वी तिखटपणा मिरीचाच. दही आणि सुरणाच्या काळनमध्ये तो आजही टिकून आहे. मिरची अमेरिकेतून आली, तसाच ‘कप्पा’ही, साबुदाणा ज्यापासून होतो तोच हा कंद. त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ (कारकीर्द 1880–1885) यांनी त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला, तेव्हा याच कंदाने असंख्य घरे जगवली. आजही कप्पा आणि माशाची आमटी हे कष्टकऱ्यांचे आवडते जेवण आहे. उकडलेल्या कप्प्यात घोटतात ते वाटण मात्र अवियलसारखेच, नारळ, जिरे आणि हिरव्या मिरचीचे.