घराचे कुंपण आणि मिठाचे कुंपण



उन्हाळा आला की बोरी-बाभळीच्या काट्या तोडायच्या, बैलगाडीने घरी आणायच्या आणि परसाला कुंपण रचायचे, हे काम आपल्या छत्रपती संभाजीनगर भागात पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत खालच्या काट्यांना वाळवी लागते, वरच्या वाऱ्याने उडतात. पुन्हा तोड, पुन्हा वाहतूक. यात किती मजुरी आणि किती झाडे जातात, याचा हिशेब आपण सहसा मांडत नाही. दीडशे वर्षांपूर्वी इंग्रज सरकारला मात्र तो मांडावा लागला. त्याची ही हकिकत.

गरिबाच्या मिठावर त्या काळी जबर कर होता. कर न भरलेले मीठ चोरून पलीकडे जाऊ नये म्हणून सरकारने सिंधू नदीपासून ओरिसाकडे महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैलांची जकातीची हद्द आखली होती. ही हद्द आपल्यापासून फार लांब नव्हती. अजिंठ्याचा डोंगर ओलांडून तापीकाठी गेले की बऱ्हाणपूर लागते, तिथून ती जात असे. या हद्दीवर जागोजाग काट्यांचे कुंपण घातले होते आणि राखणीला हजारो शिपाई होते.

पहिले कुंपण आपल्यासारखेच, वाळलेल्या काट्यांचे. १८६७ मध्ये जकात खात्याचे प्रमुख झालेले ए. ओ. ह्यूम (पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत होते तेच) यांनी हिशेब केला. एका मैलाला सुमारे २५० टन काट्या लागत, आणि त्या कधी पाव मैलावरून तर कधी सहा मैलांवरून वाहून आणाव्या लागत. शिवाय वाळवी, उंदीर, आग आणि वादळ. सरकारच्या तिजोरीलाही हे परवडेना, मग तुमच्या-आमच्या खिशाचे काय सांगावे?

म्हणून ह्यूम यांनी जिवंत कुंपणाचा मार्ग धरला. पण एकच झाड सगळीकडे लावले नाही. जमीन पाहून बाभूळ, बोर, करवंद किंवा शेराच्या जातीची झाडे लावली. जिथे दुसरे काही येईना तिथे निवडुंग लावला. पाणी साचणाऱ्या जागी आधी मातीचा बांध घातला, वाईट माती काढून चांगली भरली. १८७८ पर्यंत सुमारे ४०० मैल कुंपण पक्के जिवंत झाले. १ एप्रिल १८७९ रोजी ती हद्दच रद्द झाली आणि कुंपण मोडले. तो कर जुलमी होता, त्याचे कौतुक नको. झाड निवडायची रीत मात्र घेण्यासारखी आहे.

आता निवडुंगाचेही ऐका. अमेरिकेतून आलेला हा फड्या निवडुंग कुंपणासाठी लावला गेला आणि पुढे दख्खनच्या गायरानांत, गावठाणांत माजला. कोयत्याने तोडला तर प्रत्येक तुकड्यातून नवा फुटे. शेवटी १९२६ मध्ये श्रीलंकेतून कोचिनील जातीचे किडे दक्षिण भारतात आणले, तेव्हा तो आटोक्यात आला. घाणेरी आणि वेडी बाभूळ यांचीही तीच तऱ्हा. म्हणून बाहेरचे, आपोआप पसरणारे झाड बांधावर आणू नका. त्याचा त्रास आधी शेजाऱ्याला होतो.

मग लावायचे काय? काळ्या जमिनीत बाभूळ लावा, पण दरसाल छाटून बुटकी ठेवा, नाहीतर सावलीने पीक मार खाते. शेळ्यांच्या लेंड्यांतून पडलेले बाभळीचे बी गोळा करा, ते चांगले उगवते. मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत करवंद, बोर किंवा सागरगोटा लावा. घराजवळ मेंदी बरी. शेराचा चीक डोळ्यांना वाईट, म्हणून लेकरे खेळतात तिथे शेर नको. मृगाचा पाऊस पडला की दोन ओळींत, दीड-दीड फुटावर लागवड करा. पहिली दोन-तीन वर्षे बाहेरून वाळक्या काट्या लावून रोपे शेळ्यांपासून राखा.

कुंपण दाट होईपर्यंत खांब लागतातच. कार्ल्याच्या लेण्यात मूळच्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षे टिकल्या आहेत. तिथे सागाला मातीचा ओलावा लागत नाही. खांब मात्र जमिनीलगतच कुजतो, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. म्हणून साग असो की बाभूळ, लाकूड गाभ्याचे घ्या. बाभळीचा गाभा तांबूस असतो, भोवतालचे पांढरे लाकूड किडे आधी खातात. साल काढा, सावलीत वाळवा, आणि जमिनीच्या वर वीतभर येईल इतके डांबर लावा. खड्डा बुजवताना माती ठोकून खांबाशी उंचवटा करा, म्हणजे पाणी साचणार नाही. झाड तोडण्यापूर्वी वन खात्याकडे परवानगीची चौकशी जरूर करा.

या उन्हाळ्यात काट्या तोडायला निघण्यापूर्वी गेल्या साली कुंपणावर किती मजुरी आणि किती खेपा गेल्या, ते एका कागदावर लिहा. बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याला बोलावून तो आकडा दाखवा आणि दोघांनी मिळून रोपांची तयारी करा.