उसना अवयव आणि लशीची पाळी

साथीच्या रोगांचा इतिहास बहुधा मृतांच्या संख्येनें लिहिला जातो. परंतु त्या काळीं समाज कसा वागला हें जाणावयाचें असेल, तर लस कोणास आधीं मिळाली व कोणास थांबावें लागलें, हें पाहिलें पाहिजे. या पाळीच्या इतिहासांतील एक लहानसें प्रकरण आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. ज्यांच्या शरीरांत दुसऱ्याचें मूत्रपिंड किंवा यकृत बसविलेलें आहे, अशा लोकांच्या लसीकरणाचें तें प्रकरण होय.

त्यासाठीं आम्हीं पिंपरी-चिंचवड व चाकण हा टापू निवडला, कारण या भूमीचा साथींशीं संबंध जुना आहे. १८९७ च्या प्लेगांत पुण्यास घरझडतीचा जो जुलूम झाला, त्याच्या संतापानें २२ जूनच्या रात्रीं रँडवर गोळी झाडणारे चापेकर बंधु चिंचवडचे. त्याच वर्षाच्या आरंभीं, १० जानेवारीस, मुंबईंत डॉ. हाफकीन यांनीं आपली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली होती. सक्तीनें लोक बिथरतात आणि लस देणाऱ्यास आधीं विश्वास मिळवावा लागतो, हे दोन्ही धडे त्या एकाच वर्षानें दिले. पुढें १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि तेथें बुरशीपासून पेनिसिलिन निघूं लागलें.

त्याच १९५४ च्या डिसेंबरांत बोस्टन येथें एका मनुष्याचें मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीरांत यशस्वी रीतीनें बसविण्यांत आलें. दाता व रोगी एकसारखे जुळे भाऊ होते, म्हणून शरीरानें तें परकें मानलें नाहीं. इतरांना असा भाऊ कोठून मिळणार? त्यांचें शरीर उसन्या अवयवास शत्रु समजून त्यावर तुटून पडतें. तें टाळण्यासाठीं शरीराची रोगप्रतिकारशक्ति औषधांनीं जन्मभर दाबून ठेवावी लागते. या औषधांपैकीं मायकोफिनोलेट याचें मूळ द्रव्य इटलींतील गोझिओ यानें १८९३ सालीं पेनिसिलियम जातीच्याच एका बुरशींत शोधलें होतें. एका बुरशीनें रोगजंतूंस मारावें आणि तिच्याच भावकींतील दुसरीनें रोगजंतूंशीं लढणारी शक्ति लुळी करावी, असा हा निसर्गाचा प्रकार आहे.

लशीची अडचण नेमकी येथेंच आहे. लस म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांस शत्रूचा चेहरा आधींच दाखवून ठेवणें. परंतु पहारेकरीच गुंगींत असले तर ते काय ओळखणार? बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं १९२१ च्या नव्हे, २०२१ च्या साथींत हें मोजून पाहिलें. तेथील लशी आपल्याकडील लशींहून निराळ्या घडणीच्या होत्या. तरीहि पहिल्या मात्रेनंतर अवयवरोपण झालेल्या ४३६ जणांपैकीं अवघ्या १७ टक्क्यांच्या रक्तांत प्रतिपिंडें आढळलीं. दोन मात्रांनंतर तपासलेल्या ६५८ जणांत हें प्रमाण ५४ टक्के झालें. म्हणजे जवळजवळ निम्मे लोक दोनदां टोंचून घेऊनहि रिकामेच राहिले. फ्रान्सनें २०२१ च्या एप्रिलांतच अशा रोग्यांस तिसरी मात्रा देण्यास सांगितलें. अमेरिकेनें १२ ऑगस्टला तशी परवानगी दिली.

आपल्याकडे काय झालें? महाराष्ट्रांतील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजीं पुण्यांत आढळले आणि कांहीं दिवसांतच पिंपरी-चिंचवडचा क्रम लागला. लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालें. १ मार्चपासून साठीच्या पुढील सर्वांस व ४५ ते ५९ वयाच्या व्याधिग्रस्तांस लस मिळूं लागली. त्या व्याधींच्या यादींत मूत्रपिंड व यकृत यांचें रोपण स्पष्टपणें होतें, हें सरकारच्या दूरदृष्टीचें लक्षण मानलें पाहिजे. परंतु वयाची अट तशीच राहिली. ४४ वर्षांचा रोपण झालेला कामगार आणि ४४ वर्षांचा धडधाकट कामगार या दोघांस एकाच दारापाशीं थांबावें लागलें. ११ एप्रिलपासून कारखान्यांतच लस देण्याची सोय झाली, तीहि ४५ च्या पुढील लोकांपुरतीच. १ मेला तरुणांस दार उघडलें, तोंच लशीच्या टंचाईमुळें महाराष्ट्रास तें त्याच महिन्यांत तात्पुरतें लावून घ्यावें लागलें. कोव्हिशिल्डच्या दोन मात्रांतील अंतरहि १३ मे रोजीं १२ ते १६ आठवड्यांवर नेण्यांत आलें. धडधाकटास तें सोसलें. ज्यास एका मात्रेनें फारसें कांहीं मिळत नाहीं, त्यास तो काळ उघड्यावर काढावा लागला. तिसरी मात्रा १० जानेवारी २०२२ पासून निघाली, ती आरोग्यसेवक, आघाडीवरील कर्मचारी व साठीवरील व्याधिग्रस्त यांस. साठीच्या आंतील रोपणग्रस्तास १० एप्रिलपर्यंत वाट पाहावी लागली, व तीहि तेव्हां खाजगी केंद्रांत पैसे मोजून घ्यावी लागे.

यांत कोणाचा दुष्टपणा होता असें आम्ही म्हणत नाहीं. लस थोडी व माणसें अफाट, आणि या रोगांत वयाबरोबर मृत्यूचें भय वाढतें, हें खरेंच होतें. शिवाय वय हें कागदावर चटकन् दिसतें. परंतु जें चटकन् दिसतें तेंच मोजावें, ही सोय झाली, न्याय नव्हे. पुण्याच्याच हडपसर भागांत सीरम इन्स्टिट्यूट जगासाठीं लस करीत असतां जवळच्या पिंपरींतील रोपणग्रस्त तरुणानें पाळीची वाट पाहावी, हें मनास बोचतें.

या टापूंतील लोकांस पाळीचा अर्थ सांगावयास नको. पहिल्या पाळीच्या कामगारानें यंत्र नीट सोडलें तरच दुसऱ्या पाळीचें काम नीट चालतें. ज्याच्या दंडांत लस गेली तरी रक्तांत उतरत नाहीं, त्याचें रक्षण त्याच्या बायकोनें, भावानें, शेजाऱ्यानें व बाजूच्या यंत्रावरील सोबत्यानें घेतलेल्या लशीवर पुष्कळसें अवलंबून असतें. त्या लशीनें संसर्ग सर्वस्वीं थांबत नाहीं, पण कमी होतो. आणि ज्याचें कवच पातळ आहे त्यास तेवढा उणेपणाहि मोलाचा असतो. दात्यानें एकदां आपला अवयव देऊन त्याचा जीव वांचविला. तो पुढें टिकविण्याचें काम भोंवतालच्या मंडळींकडे येतें. पुढची साथ केव्हां तरी येईलच. तेव्हां यादी करणारांनीं वयाच्या रकान्याशेजारीं या माणसांसाठीं वेगळा रकाना आधींच आंखून ठेवावा, एवढाच या इतिहासाचा बोध आम्हांस दिसतो.