जुन्या स्पोर्ट्स कारचा बंद पडलेला मीटर : दुरुस्ती, कागदपत्रे आणि कायदा



मंडळाच्या सभासदांकडून गाड्यांविषयी नेहमी येणारे प्रश्न म्हणजे विमा, लायसन्स आणि गाडी विकताना लागणारे कागद. या वेळी मात्र एका कुटुंबाकडून वेगळाच प्रश्न आला. त्यांनी हौसेने घेतलेल्या जुन्या दोन दारांच्या स्पोर्ट्स कारचा मैलांचा आकडा पुढे सरकतच नव्हता. माहिती काढताना आम्हालाही बरेच नवीन कळले. इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून ते येथे देत आहोत. बहुतेक नियम अमेरिकेतले आहेत. ब्रिटन आणि आखातातल्या वाचकांसाठी शेवटी थोडे लिहिले आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे भारतात 'मायलेज' म्हटले की लिटरला किती किलोमीटर हेच डोक्यात येते. इथे गाडीचे मायलेज विचारले तर गाडी आजवर एकूण किती मैल चालली ते सांगायचे असते. नव्याने आलेला मुलगा विक्रेत्याला मायलेज विचारतो, 'सिक्स्टी वन थाउजंड' हे उत्तर ऐकतो आणि चक्रावतो, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. हा एकूण आकडा दाखवणाऱ्या यंत्राला ओडोमीटर म्हणतात. त्याच्या जवळच शून्यावर आणता येणारा ट्रिप मीटर असतो. या लेखात 'मीटर' म्हणजे ओडोमीटर.

आता त्या कुटुंबाची गोष्ट. गाडी बघायला गेले तेव्हा सगळ्यांचे लक्ष वेगाच्या काट्याकडे. हायवेवर बारा मैल फिरवून आणली, पण मैलांचा आकडा हलला की नाही ते कोणीच पाहिले नाही. चूक उघडकीस आणली ती आजोबांनी. पुण्यात असताना स्कूटरमध्ये पेट्रोल भरले की वहीत आकडा लिहायचा ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. दुसऱ्यांदा गॅस भरताना त्यांनी वही काढली आणि पहिल्या वेळचाच आकडा पुन्हा लिहावा लागला. टाकीत तेरा गॅलन गेले, गाडी मात्र शून्य मैल चालली! मग जुने कागद काढले. तीन वर्षांच्या दुरुस्तीच्या पावत्यांवर तोच आकडा होता. 'मला काही कल्पना नव्हती,' एवढेच विक्रेत्याचे उत्तर. गाडी नेमकी किती चालली हे आता कोणालाच सांगता येणार नव्हते.

मीटर का बंद पडतो? सर्वांत आधी वेगाचा काटा चालतो का ते बघावे. काटा आणि मीटर दोन्ही बंद असतील तर दोष बहुधा मुळाशी असतो. जुन्या गाडीत गिअरबॉक्सपासून येणारी केबल तुटलेली असते, त्यानंतरच्या गाड्यांत वेग मोजणारा सेन्सर किंवा त्याची वायर गेलेली असते. काटा नीट चालतो आणि फक्त आकडा थांबला आहे, असे असेल तर दोष मीटरच्या पोटात आहे असे समजावे.

या दुसऱ्या प्रकाराचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण म्हणजे १९८० च्या दशकातल्या पोर्शे ९११ आणि ९४४ या गाड्या. त्यांच्यात वेगाचा काटा विजेच्या संकेतावर चालतो. मैलांची आकड्यांची चक्रे मात्र एक छोटी मोटर बारीक गिअरांच्या साखळीतून फिरवते. वीस-तीस वर्षांत प्लास्टिकचा गिअर ठिसूळ होऊन त्याचा दात तुटतो, किंवा एखादे चाक आपल्या दांड्यावर सैल होऊन नुसतेच घसरत राहते. गाडी चालू असताना ट्रिप मीटर शून्यावर आणण्याचे बटण दाबले तर या गिअरांवर एकदम ताण येतो. म्हणून जाणकार सांगतात की ते बटण गाडी उभी असतानाच दाबावे. सवय साधी आहे, ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी आजपासूनच लावून घ्यावी.

या गाड्यांसाठी सुटे गिअर वेगळे विकत मिळतात. दातांची संख्या आपल्या मीटरशी जुळते की नाही ते मोजूनच मागवावेत, कारण मॉडेल आणि वर्षाप्रमाणे ती बदलते. जुन्या ९११ मध्ये घड्याळासारखा गोल मीटर रबरी कड्यावर बसवलेला असतो, त्यामुळे तो डॅशबोर्डमधून काढणे फार अवघड नाही. खरी कसोटी त्याच्या काचेभोवतीची धातूची कडा उलगडण्याची. ती घाईत उचकटली की वाकते आणि पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही. काट्याला हात लावू नये, नाहीतर मैल बरोबर आणि वेग चुकीचा अशी गत होते. घड्याळाचे काम करण्याइतका हात स्थिर नसेल, तर मीटरच दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे तो पाठवणे आम्हाला जास्त शहाणपणाचे वाटते.

नंतरच्या गाड्यांत आकडा डिजिटल असतो. तो मीटरच्या पाटीवरील मेमरी चिपमध्ये साठवलेला असतो, आणि काही गाड्यांत त्याची नोंद दुसऱ्या कॉम्प्युटरमध्येही असते. पडदा अंधारला म्हणून भंगारातल्या गाडीची पाटी आणून बसवली, तर त्या दुसऱ्या गाडीचे मैल आपल्या गाडीत दिसू लागतात. इथपासून प्रश्न मेकॅनिकचा राहत नाही, कायद्याचा होतो.

मीटर चालतो पण चुकीचे मोजतो, असेही घडते. स्पोर्ट्स कारमध्ये याचे नेहमीचे कारण म्हणजे बदललेले टायर. २०५/५५ आर १६ या टायरचा व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर असतो. दिसायला छान म्हणून कोणी त्याच रिमवर २०५/४५ चढवले, तर व्यास ५९१ मिलिमीटरच राहतो. चाक जास्त वेळा फिरते आणि खऱ्या १,००० मैलांचे मीटरवर सुमारे १,०७० होतात. तपासणी सोपी आहे : इंटरस्टेटवर मैलांच्या पाट्या धरून दहा मैल जावे आणि मीटर किती दाखवतो ते बघावे, सोबत फोनचा जीपीएस लावावा. आकडे लिहिण्याचे काम शेजारी बसलेल्याने करावे. कारखान्यातूनच मीटर जास्त मोजत असल्याचा आरोप झाल्याचेही उदाहरण आहे. होंडाविरुद्ध टेक्सासमध्ये असा दावा झाला होता, आणि त्याच्या तडजोडीत २००२ ते २००६ च्या काळात घेतलेल्या गाड्यांच्या वॉरंटीची मैलांची मर्यादा ५ टक्क्यांनी वाढवून देण्यात आली.

आता कायदा. मीटर मागे फिरवणे हा अमेरिकेत १९७२ च्या केंद्रीय कायद्यापासून गुन्हा आहे, मग गाडी कितीही जुनी असो. दुरुस्ती करायला मात्र पूर्ण मुभा आहे. अट एकच : दुरुस्तीनंतरचा आकडा आधीच्या आकड्याइतकाच असला पाहिजे. ते शक्य नसेल तर मीटर शून्यावर आणावा लागतो आणि गाडीच्या डाव्या दाराच्या चौकटीवर लेखी सूचना चिकटवावी लागते. दुरुस्तीपूर्वीचा आकडा आणि दुरुस्तीची तारीख तिच्यावर असते. फसवणुकीच्या हेतूने ती सूचना काढणे हाही गुन्हाच. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा ड्रायव्हरचे दार उघडून ही पट्टी आहे का ते जरूर पाहा. आमच्या ओळखीचे बहुतेक लोक तिथे फक्त टायरच्या हवेचा आकडा बघतात.

विकताना टायटलवर मीटरचा आकडा लिहून सही करावी लागते. त्यात तीन पर्याय असतात : आकडा खरा आहे, आकडा मीटरच्या मर्यादेपलीकडे गेला आहे, किंवा आकडा खरा नाही. दुसरा पर्याय पाच आकडी मीटरसाठी असतो. १९६० च्या दशकातल्या मस्टँगसारख्या गाडीत ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य येते, त्यात कोणाची लबाडी नसते. मीटर काही काळ बंद होता हे तुम्हाला ठाऊक असेल, तर तिसऱ्या पर्यायावरच खूण करावी लागते. किंमत कमी येते, हे खरे. पण फसवण्याच्या हेतूने खोटे लिहिले, तर खरेदीदाराला नुकसानीच्या तिप्पट किंवा १०,००० डॉलर, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती मागता येते. त्यासाठी त्याला दोन वर्षांची मुदत असते.

जुन्या गाड्यांसाठी एक सवलत आहे आणि तिच्याबद्दल खूप गैरसमज आहेत. २०१० आणि त्याआधीच्या मॉडेलना हे केंद्रीय निवेदन देण्यातून सूट आहे. २०११ आणि नंतरच्या मॉडेलना ते वीस वर्षे द्यावे लागते, हा बदल १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. पण ही सूट फक्त निवेदनापुरती आहे. आकडा फिरवायची किंवा खोटे सांगायची मुभा त्यातून मिळत नाही. राज्यांचे स्वतःचे नियमही असतात, तेव्हा वाहन खात्यात चौकशी करावी.

बंद मीटरचा खरा धोका आम्हाला पैशापेक्षा इंजिनात दिसतो. पोर्शे ९४४ चा टायमिंग बेल्ट चालत्या इंजिनात तुटला तर पिस्टन व्हॉल्ववर आदळतात आणि व्हॉल्व वाकतात. म्हणून तो ३०,००० मैलांनी किंवा तीन-चार वर्षांनी बदलावा असे जाणकार सांगतात. मीटर थांबला की मैलांचा हिशेबही थांबतो आणि गाडी 'कमी चाललेली' दिसत राहते. आपल्या सभासदांच्या गाडीतही असेच होते. मेकॅनिकने झाकण उघडले तर बेल्टच्या कडांना भेगा पडलेल्या. गाडी मुलगा रोज कॉलेजला नेत होता. आकड्यावर भरवसा नसेल तर बेल्ट, तेल, ब्रेकचे तेल आणि टायर हे सगळे संपले आहे असे धरून बदलावे आणि त्या तारखेपासून नवा हिशेब सुरू करावा.

विकत घेण्याआधी काय बघावे? चालवून बघताना निघण्यापूर्वीचा आणि परतल्यावरचा मीटरचा फोटो काढा. जुन्या पावत्यांवरचे आकडे तारखेप्रमाणे लावा. व्हिन क्रमांकावरून इतिहासाचा अहवाल मागवा, पण त्यात लिहिणाऱ्याच्या चुकाही असतात, एखादे शून्य जास्त पडलेले असते. टायरच्या बाजूवर डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. 'मूळचे टायर, गाडी फक्त वीस हजार चालली' असे सांगणाऱ्याच्या गाडीचे टायर गाडीपेक्षा पंधरा वर्षांनी तरुण निघाले, तर पुढे बोलायची गरज नाही. क्लचच्या पेडलचे रबर आणि ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कडा यांनाही खोटे बोलता येत नाही.

ब्रिटनमधल्या वाचकांना एक सोय आहे. एमओटी तपासणीच्या वेळी नोंदलेले मैल सरकारी संकेतस्थळावर गाडीच्या नंबरवरून फुकट बघता येतात. आखातात अमेरिकेतून आलेल्या जुन्या गाड्या बऱ्याच विकल्या जातात. तिथे मीटर मैलांचा आहे की किलोमीटरचा हे आधी विचारा. ६०,००० मैल म्हणजे जवळजवळ ९६,५०० किलोमीटर होतात, आणि हा फरक विक्रेत्याच्या बाजूने सहज 'विसरला' जातो.

ज्यांचा मीटर आज बंद आहे त्यांनी तो थांबल्याची तारीख आणि आकडा लिहून ठेवावा. तेव्हापासूनच्या गॅसच्या पावत्या जपाव्यात, म्हणजे मधल्या काळातले मैल निदान अंदाजाने काढता येतात. दुरुस्तीच्या बिलावर काम सुरू होण्यापूर्वीचा आणि संपल्यानंतरचा, दोन्ही आकडे मेकॅनिककडून लिहून घ्यावेत. त्या कुटुंबाने तसेच केले. नवा गिअर बसला, आकडा जिथे थांबला होता तिथूनच पुढे सुरू झाला, आणि गाडीच्या कागदांत आजोबांच्या वहीच्या पहिल्या पानाची झेरॉक्सही लावून ठेवली आहे.