नाकावरचे काळे ठिपके : तेल, उटणे आणि एक जुना गैरसमज

नाकाच्या शेंड्यावर, नाकपुड्यांच्या कडेला आणि हनुवटीवर दिसणारे बारीक काळे ठिपके म्हणजे ब्लॅकहेड्स. ऐन तारुण्यात आलेला हा त्रास घरोघरी मुरमांच्याच खात्यात जमा होतो आणि त्याचा दोष धुळीला, घामाला किंवा नीट तोंड न धुण्याला दिला जातो. तेलापासून उटण्यापर्यंत आणि तुरटीपासून मलमांपर्यंत उपाय बदलत गेले, पण ‘हा मळ आहे, तो काढला पाहिजे’ ही समजूत सगळ्यांना पुरून उरली. नाशिकसारख्या जुन्या गावात हे बदल एकापाठोपाठ एक पाहता येतात.

नाशिकमध्ये औषधपाण्याची लेखी नोंद फार जुनी आहे. शहराच्या दक्षिणेला असलेल्या त्रिरश्मी डोंगरातील पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षाचा, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंच्या आजारपणातील औषधांसाठी कायमची ठेव ठेवली आणि ती गोवर्धन गावातल्या कारागिरांच्या श्रेणींकडे व्याजाने दिली, असे त्यात कोरलेले आहे. या श्रेणींत तिलपिषक, म्हणजे तीळ गाळणारे तेली, आहेत. लेखात त्वचेच्या कुठल्याच दुखण्याचा उल्लेख नाही. तरी औषधाच्या पैशाला तेल्यांची हमी असणे या प्रांताला शोभणारेच आहे, कारण इथली अंगाची निगा शतकानुशतके तेलापासूनच सुरू होत आली.

चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांचे शास्त्रीय वर्णन सुश्रुतसंहितेत सापडते. निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या यादीत ‘मुखदूषिका’ येते : तरुणांच्या तोंडावर उठणाऱ्या, काटेसावरीच्या काट्यांसारख्या पुटकुळ्या. कारणे सांगितली आहेत कफ, वात आणि रक्त यांची. उपाय दोन प्रकारचे : वमन देऊन कफ काढणे आणि वेखंड, लोध्र, सैंधव, मोहरी यांचा लेप लावणे. पुढे शार्ङ्गधराने लोध्र, धणे आणि वेखंड यांचा साधा लेप दिला आणि वैद्यांच्या बोलण्यात ‘तारुण्यपिटिका’ हे नाव रुळले. काट्याची उपमा नेमकी आहे. पण काळा ठिपका, पांढरी पुटकुळी आणि पिकलेला मुरूम यांत या ग्रंथांनी फरक केलेला नाही. एकातून दुसरा कसा होतो, हा प्रश्नच त्यांना पडला नव्हता.

लेप वैद्याकडचा, तर उटणे घरचे. ‘उटणे’ हा शब्द संस्कृत ‘उद्वर्तन’ यावरून आला. वाग्भटाच्या दिनचर्येत अभ्यंग, व्यायाम, मग उद्वर्तन आणि शेवटी स्नान असा क्रम आहे. उद्वर्तनाचे फळ सांगितले आहे कफ आणि मेद घटणे व त्वचा उजळणे. नाशिकच्या वाड्यांतून दिवाळीच्या पहाटे हाच क्रम थोडक्यात पार पडे : पाटावर बसवून तिळाच्या तेलाने मर्दन, मग उटणे, मग बंबातले कढत पाणी. काष्ठौषधीच्या दुकानातून आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, गव्हला कचोरा असा जिन्नस आणायचा, तो घरी कुटून वस्त्रगाळ करायचा आणि त्यात मसुराचे पीठ किंवा वाळवलेल्या संत्र्याच्या सालींची पूड मिसळायची. घरागणिक प्रमाण वेगळे, आणि प्रत्येक घराला आपलेच प्रमाण खरे.

आजच्या ज्ञानाने पाहिले तर या कृतीचा अर्धा भाग बरोबर आहे. मसुराचे किंवा डाळीचे पीठ कातडीवरचे जादा तेल शोषून घेते आणि वरची मृत पेशींची पुटे थोडी सुटतात, त्यामुळे त्या दिवशी चेहरा खरोखर तुकतुकीत दिसतो. चूक उरते ती घासण्यात. भरड पूड नाकावर रगडली की कातडी लाल होते, रंध्राच्या आतली गुठळी मात्र जागची हलत नाही. शिवाय उटणे वर्षातून चार दिवस लावायचे आणि ठिपके बारा महिन्यांचे.

पुरुषांचा उपाय न्हाव्याच्या हाती असे. दाढी झाल्यावर तुरटीचा खडा फिरवायचा, आणि गरम पाण्याने कातडी मऊ झालेली असताना एखादा ठिपका नखांनी दाबून काढायचा. तुरटीने कातडी आवळते आणि रक्त थांबते, पण बंद रंध्र उघडत नाही. नखांनी दाबण्यातून तर कित्येकांना कायमचे वण मिळाले.

युरोपात गैरसमज ‘मळ’ समजण्याहूनही अजब होता. ठिपका दाबला की बाहेर येणारी पिवळट, काळ्या टोकाची बारीक दोरी पाहून तिथल्या लोकांना ती अळी वाटली. वैद्यकातला ‘कोमेडो’ हा शब्द ‘खाऊन टाकणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला आहे, तो याच समजुतीतून. 1842 मध्ये जर्मन त्वचारोगतज्ज्ञ गुस्ताव सिमोन यांना केशरंध्रात खरोखरच एक सूक्ष्म जीव सापडला, पण तो माणसाच्या चेहऱ्यावर सर्रास राहणारा डेमोडेक्स नावाचा, कोळ्याच्या वर्गातला जीव होता. ठिपक्यांचे मूळ तो नव्हे.

खरे कारण चार पदरी आहे. वयात येताना अँड्रोजन संप्रेरके वाढतात, त्यांमुळे तैलग्रंथी मोठ्या होऊन जास्त तेल स्रवतात. त्याच वेळी केशरंध्राच्या तोंडाशी असलेल्या मृत पेशी गळून पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात. तेल आणि पेशी मिळून बूच बसते. बुचाचे तोंड उघडे असले की ब्लॅकहेड, झाकलेले असले की व्हाइटहेड, आणि आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नीज हा जिवाणू माजून दाह झाला की मुरूम. वरचा काळा रंग धुळीचा नाही. तो कातडीतल्या मेलॅनिनचा आणि हवेने बदललेल्या तेलाचा आहे, म्हणून साबणाने कितीही धुतले तरी तो जात नाही. नाकावर सगळ्यांनाच दिसणारे राखाडी ठिपके पुष्कळदा ब्लॅकहेड नसतातच. ते रंध्रातले नेहमीचे तेल असते आणि काढले तरी काही आठवड्यांत पुन्हा भरते.

मराठी घरांना टोचणारा भाग तेलाचा आहे. 1970 साली अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांनी केसांना चोपडायच्या तेलकट मलमांमुळे कपाळावर आणि कानशिलांवर येणाऱ्या ठिपक्यांचे स्वतंत्र वर्णन केले. डोक्यावर थापलेले खोबरेल रात्रभर कपाळावर उतरते तेव्हा हेच घडते. डोक्याला तेल लावण्यात गैर नाही. ते कपाळावर ओघळू न देणे एवढेच पुरते.

औषधातली मोठी उडी त्याच सुमारास पडली. ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनवलेले ट्रेटिनॉइन रंध्रातले बूच सैल करते, हे आल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 मध्ये मांडले आणि 1971 मध्ये अमेरिकेत त्या मलमाला परवानगी मिळाली. क्लिगमन यांचे अनेक प्रयोग फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर झाले होते, हा डाग मात्र त्या संशोधनावर कायमचा आहे. पुढे तुलनेने सौम्य असे अडापलीन आले. आज सौम्य ब्लॅकहेडसाठी अडापलीन किंवा 0.5 ते 2 टक्के सॅलिसिलिक ॲसिड हा पहिला उपाय धरतात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत मलम सोडून देणे ही नेहमीची चूक आहे. अडापलीन आणि ट्रेटिनॉइन गरोदरपणात टाळतात, आणि ती लावणाऱ्यांनी उन्हापासून चेहरा जपावा लागतो. नाकाला चिकटवून ओढायच्या पट्ट्या वरचे टोक तेवढे उपटतात.

सगळ्यांत घातक निघाली ती गोरेपणासाठी विकली जाणारी स्टेरॉइडची मलमे. आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होऊन मुरमे उसळतात. 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली.

नाशिकमध्ये आज दोन्ही परंपरा शेजारी शेजारी शिकवल्या जातात. पंचवटीतल्या गणेशवाडीत आयुर्वेद महाविद्यालय आहे, तर आडगावला 1990 मध्ये सुरू झालेले, आता डॉ. वसंतराव पवार यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. एकीकडचा विद्यार्थी तारुण्यपिटिका वाचतो, दुसरीकडचा ॲक्ने व्हल्गॅरिस. दोघांच्याही पदवीवर शिक्का मात्र एकाच विद्यापीठाचा असतो : 1998 मध्ये स्थापन झालेल्या, नाशिकमध्येच मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा.