ब्रिगेडियर महंमद उस्मान : एका सेनानीचे स्मरण



गेल्या वर्षीची गोष्ट आहे. नववीच्या वर्गावर इतिहासाचा तास चालू होता. १९४७ च्या ऑक्टोबरात जम्मू-काश्मीरवर झालेले आक्रमण मी फळ्यावर नकाशा काढून समजावून देत होतो. तास संपला, मुले बाहेर पडली. पण एक मुलगा डस्टर झटकण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळला. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून त्याने हळूच विचारले, "सर, त्या लढाईत आपल्यापैकी कोणी होते का?"

मी म्हटले, "आपल्यापैकी म्हणजे कोण रे?" तो खाली पाहू लागला. खरे म्हणजे त्याचा प्रश्न मला कळला होता. खेळाच्या मैदानावर, बाजारात, कधी थट्टेत तर कधी रागाच्या भरात, आपल्या मुलांच्या कानावर काय काय पडते हे पालकांना सांगायला नको. मी त्याला एक नाव सांगितले. मधल्या सुट्टीच्या पाच मिनिटांत त्याहून अधिक काही सांगता आले नाही. ते राहून गेलेले उत्तर आज या स्मरणिकेच्या पानांवर पुरे करीत आहे.

ते नाव म्हणजे ब्रिगेडियर महंमद उस्मान.

उस्मान यांचा जन्म १५ जुलै १९१२ रोजी संयुक्त प्रांतातील, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातील, आझमगढ जिल्ह्यात बिबीपूर या गावी झाला. हे गाव आता मऊ जिल्ह्यात मोडते. वडील महंमद फारुक पोलीस खात्यात अधिकारी होते. उस्मान यांचे शालेय शिक्षण बनारसला झाले. लहानपणी ते बोलताना अडखळत असत असे सांगतात. बारा वर्षांचे असताना विहिरीत पडलेल्या एका मुलाला वाचविण्यासाठी त्यांनी विहिरीत उडी टाकली, हीही त्यांच्या बालपणीची प्रसिद्ध आठवण आहे. वर्गात उभे राहून उत्तर देताना ज्यांची जीभ अडखळते अशा माझ्या विद्यार्थ्यांनी या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात.

त्या काळी हिंदी तरुणांना सैन्यात अधिकारी होण्याची वाट अतिशय अरुंद होती. विलायतेतील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात दरवर्षी अगदी मोजक्या हिंदी मुलांना प्रवेश मिळे. १९३२ साली डेहराडून येथे आपली स्वतःची लष्करी प्रबोधिनी सुरू झाली आणि हिंदी मुलांना सँडहर्स्टला पाठविणे बंद झाले. उस्मान हे सँडहर्स्टला गेलेल्या अखेरच्या तुकडीतील एक होते. १९३४ मध्ये ते अधिकारी झाले आणि पुढच्या वर्षी बलुच रेजिमेंटमध्ये दाखल झाले. वायव्य सरहद्दीवर आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी काम केले.

मग १९४७ साल उजाडले. देशाबरोबर सैन्याचीही वाटणी झाली. बंदुका, गाड्या, तंबू, बँडची वाद्येसुद्धा वाटली गेली. बलुच रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला गेली. ज्या पलटणीत बारा वर्षे काढली, जिथे जिवाभावाचे सोबती होते, ती पलटणच सीमेपलीकडे चालली होती. उस्मान यांनी तिकडे यावे म्हणून त्यांचे मन वळविण्याचे प्रयत्न झाले, बॅ. जीना आणि लियाकत अली खान यांनी स्वतः त्यांना गळ घातली, पुढे सेनापतिपदाची आशाही दाखविली, असे सांगितले जाते. उस्मान यांनी आपण भारतातच राहणार असे कळविले आणि ते डोग्रा रेजिमेंटमध्ये आले.

या निर्णयाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यात एक साधी गोष्ट दिसते. ज्या गावी जन्म झाला, ज्या शहरात शाळा शिकली, तो आपला मुलूख. तो सोडून जायचे कशासाठी? त्या वर्षी आपल्या आजोबा-पणजोबांपुढेही हाच प्रश्न होता. कोकणातल्या वाडीत, देशावरच्या पेठेत, मराठवाड्यातल्या गावात त्यांनी तो आपापल्या परीने सोडविला. त्यांना कोणी पदक दिले नाही. पण निर्णय तोच होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या मनाने घेतला होता, हे मुलांना सांगायला आपण विसरता कामा नये.

आता त्या लढाईकडे वळू. २२ ऑक्टोबर १९४७ रोजी टोळीवाल्यांचे आक्रमण सुरू झाले. २६ तारखेला महाराजा हरिसिंग यांनी भारतात विलीन होण्याच्या करारावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी आपले सैन्य विमानाने श्रीनगरला उतरले. श्रीनगरची हकीकत आपल्याला पुस्तकांतून माहीत असते. परंतु जम्मूच्या बाजूला, डोंगराळ मुलखात, दुसरी आघाडी पेटलेली होती. तिथे मीरपूर आणि कोटली यांच्याकडून येणारे रस्ते जिथे मिळतात ते ठाणे म्हणजे झांगर, आणि त्याच्या अलीकडचे मोठे ठाणे म्हणजे नौशेरा. २५ डिसेंबर १९४७ रोजी झांगर शत्रूच्या हाती पडले. नौशेराचे रक्षण करण्याची जबाबदारी ५० व्या छत्रीधारी ब्रिगेडवर होती, आणि तिचे नेतृत्व ब्रिगेडियर उस्मान यांच्याकडे आले.

झांगर गेल्याचे शल्य उस्मान यांच्या मनाला फार लागले. झांगर परत घेईपर्यंत आपण खाटेवर झोपणार नाही, अशी प्रतिज्ञा त्यांनी केली. ऐन हिवाळ्यात, त्या डोंगरातल्या थंडीत, ब्रिगेडचा सेनानी जमिनीवर चटई टाकून झोपू लागला.

नौशेरात निर्वासितांची गर्दी होती आणि अन्नाची टंचाई होती. मंगळवारी जवानांनी उपवास करावा आणि वाचलेला शिधा गावकऱ्यांना द्यावा, असे उस्मान यांनी ठरविले होते, असे सांगतात. लढाईत पोरकी झालेली मुले तिथे वणवण फिरत होती. त्यांनी अशा मुलांना एकत्र केले, त्यांच्या पोटापाण्याची सोय लावली, त्यांना शिस्त लावली. तिला बालक सेना असे नाव पडले. ही लहान लहान मुले निरोप पोचविण्याचे काम करीत. पुढे त्यांतल्या तिघांचा पंडित नेहरूंच्या हस्ते गौरव झाला. मुलांवर अशी वेळ येऊ नये हे खरेच. पण ज्यांना कोणी विचारत नव्हते त्यांना त्या धुमश्चक्रीत हाक मारणारा एक माणूस भेटला, हेही तितकेच खरे.

१९४८ च्या फेब्रुवारीच्या आरंभी उस्मान यांच्या सैन्याने नौशेराजवळचे कोट हे उंचावरचे ठिकाण जिंकून घेतले. त्यानंतर ६ फेब्रुवारीला शत्रूने सुमारे ११,००० लोकांनिशी नौशेरावर चोहोबाजूंनी हल्ला चढविला. तैनधारच्या डोंगरावर राजपूत रेजिमेंटचे नायक जदुनाथसिंह नऊ जणांच्या चौकीचे प्रमुख होते. त्यांनी लागोपाठ आलेले हल्ले परतवले आणि तिथेच देह ठेवला. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्या दिवशी आपले ३३ जवान कामी आले आणि १०२ जखमी झाले. शत्रूची हानी याच्या कितीतरी पट होती. नौशेरा वाचले. तेव्हापासून लोक उस्मान यांना 'नौशेराचा सिंह' म्हणू लागले. त्यांच्या शिरावर पाकिस्तानने ५०,००० रुपयांचे इनाम लावले होते असे म्हणतात.

मार्चमध्ये झांगरची मोहीम निघाली. मोहिमेपूर्वी जवानांना उद्देशून काढलेल्या हुकमात उस्मान यांनी मेकॉले या इंग्रज कवीच्या कवितेतील ओळी घातल्या होत्या. रोम शहराच्या पुलावर उभे राहून शत्रूला अडविणाऱ्या होरेशसची ही कविता. शाळेत पाठ केलेल्या कवितेचा आयुष्यात काय उपयोग, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण मुद्दाम देतो. पाऊस आणि चिखल यांतून वाट काढीत आपले सैन्य पुढे सरकले आणि १८ मार्च १९४८ रोजी झांगर पुन्हा आपल्या ताब्यात आले. त्या रात्रीसाठी कोणीतरी जवळच्या गावातून एक खाट मागून आणली, कारण ब्रिगेडच्या ठाण्यात खाटच नव्हती! सेनानी जमिनीवर झोपतो म्हटल्यावर तिथे खाट कोण ठेवणार?

महाराष्ट्राच्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उस्मान यांच्या त्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीतून उभी राहिलेली छत्रीधारी पलटण होती, आणि झांगरच्या लढाईचा मान तिच्या नावावर आहे. आपल्या सह्याद्रीच्या मुलखातली शेतकऱ्यांची पोरे आझमगढच्या उस्मान यांच्या हुकमाखाली त्या परक्या डोंगरात लढली. त्या खंदकात कोणी कोणाला तू कोण, कुठला, असे विचारले असेल असे मला वाटत नाही.

शत्रूने झांगरवर तोफांचा मारा चालूच ठेवला. ३ जुलै १९४८ रोजी संध्याकाळी असाच मारा सुरू असताना पंचवीस पौंडी तोफेचा एक गोळा उस्मान यांच्याजवळ येऊन फुटला आणि ते धारातीर्थी पडले. छत्तिसावा वाढदिवस बारा दिवसांवर होता. त्या युद्धात कामी आलेले ते सर्वांत वरिष्ठ भारतीय अधिकारी होत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले.

त्यांचे पार्थिव दिल्लीला आणण्यात आले. पंतप्रधान पंडित नेहरू आणि मंत्रिमंडळातील त्यांचे सहकारी अंत्ययात्रेला हजर होते. पूर्ण लष्करी इतमामाने त्यांचा दफनविधी झाला, तो जामिया मिलिया इस्लामियाच्या परिसरात. ज्या संस्थेने परक्या सरकारच्या मदतीवाचून १९२० पासून मुलांना शिकविण्याचे व्रत घेतले, तिच्या मातीत हा सेनानी विसावला. मला हे फार योग्य वाटते. कारण उस्मान अविवाहित होते आणि आपल्या पगाराचा मोठा भाग ते गरीब मुलांच्या पालनपोषणावर व शिक्षणावर खर्च करीत असत. आघाडीवर शत्रूशी लढणाऱ्या माणसाच्या पगारातून कुठेतरी कोणा मुलाची फी भरली जात होती, कोणाची पुस्तके येत होती.

वाचकहो, मेल्यानंतर माणूस कसा आठवला जातो? झांगर येथे ते जिथे पडले तिथे त्यांचे स्मारक आहे, आणि ३ जुलैला सैन्य तिथे मानवंदना देते. दिल्लीतल्या कबरीकडे मात्र वर्षानुवर्षे फारसे कोणी फिरकत नसे. २०२० च्या डिसेंबरात त्या कबरीवरील संगमरवरी शिला भंगलेली आढळली. बातमी वृत्तपत्रांत आली आणि सैन्याने पुढाकार घेऊन कबरीची डागडुजी केली. सैन्याने आपले कर्तव्य केले. पण आपण काय केले? ते नाव आपल्यातल्या किती घरांत ठाऊक होते? मी स्वतः इतिहास घेऊन बी. ए. झालो, तोवर मलाही ते धड ठाऊक नव्हते, हे इथे कबूल करतो.

आणि आता ते आपण कशासाठी आठवायचे तेही नीट ठरविले पाहिजे. कोणी टोमणा मारला की खिशातून दाखला काढावा तसे उस्मान यांचे नाव पुढे करायचे, असे मला मुळीच वाटत नाही. ज्या मुलाचा जन्म या मातीत झाला त्याला कोणाला दाखला देण्याची गरज नाही. शिवाय एका माणसाच्या बलिदानावर साऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या जगावे, हेही बरे नव्हे. त्यांनी त्यांचे काम केले. आपले काम आपल्यालाच करावे लागेल.

ते काम कोणते, हेही त्यांच्याच आयुष्यात लिहिलेले आहे. पालकांना माझी विनंती आहे की दहावी झाली म्हणून मुलाला गॅरेजवर आणि मुलीला घरी बसवू नका. आपल्या गल्लीत फीसाठी अडलेले एखादे मूल असेल तर त्याच्या एका वर्षाचा भार उचला आणि त्याचा गाजावाजा करू नका. विद्यार्थ्यांनो, सैन्यात अधिकारी होण्यासाठी आता विलायतेला जावे लागत नाही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आपल्याच राज्यात, पुण्याजवळ खडकवासल्याला आहे. बारावीत असतानाच तिची परीक्षा देता येते, आणि २०२२ पासून तिथे मुलींनाही प्रवेश मिळू लागला आहे. सर्वांनीच सैन्यात जावे असे नाही. पण ज्याने जे ठाणे पत्करले असेल, मग ते गणिताचे असो, रुग्णसेवेचे असो, की दुकानाच्या गल्ल्याचे असो, ते हाती येईपर्यंत खाट नको, एवढा निश्चय प्रत्येकाला करता येईल.

त्या नववीच्या मुलाला मी आता पुरे उत्तर देऊ शकतो. बाळ, त्या लढाईत आपल्यापैकी पुष्कळ होते. आझमगढचे उस्मान आपले होते, तैनधारवर पडलेले जदुनाथसिंह आपले होते, झांगरच्या चिखलात चाललेली मराठा पलटण आपली होती, आणि निरोप घेऊन धावणारी नौशेराची ती पोरकी पोरेही आपलीच होती. पुढच्या वेळी हा प्रश्न विचारताना आजूबाजूला कोणी आहे का हे पाहू नकोस. भर वर्गात, मोठ्याने विचार.