वळिवड्याची छावणी आणि कॅमेरा

हिजरत हा शब्द आपल्याला नवा नाही. पण कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? सोव्हिएत राजवटीने १९४०-४१ मध्ये त्यांना घरांतून उचलून सैबेरियाकडे नेले होते. सुटका झाल्यावर ते इराणमार्गे इथे पोहोचले. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती.

जामनगरजवळच्या बालाचडीतही पोलिश मुलांना आसरा मिळाला. त्यांच्यावर २०१३ साली ‘अ लिटल पोलंड इन इंडिया’ हा माहितीपट निघाला. कागदावर निर्वासितांचा आकडा उरतो. पडद्यावर त्यांचा चेहरा आणि आवाज उरतो. ‘१९४७ पार्टिशन आर्काइव्ह’ ही संस्था फाळणी पाहिलेल्यांच्या आठवणी याच कारणासाठी व्हिडिओवर नोंदवते.

१९४३ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदी ओलांडून गेले आहे. म्हणजे वेळ थोडा आहे. शिरूर-दौंडच्या आपल्या घरांतही १९४७-४८ ची ताटातूट आठवणारे कुणी नाना-नानी असतील. मुलांनी त्यांच्या परवानगीने मोबाइल समोर ठेवावा, एक प्रश्न विचारावा आणि मध्ये न बोलता ऐकावे. इतिहासाचा हाही एक धडाच आहे, आणि तो पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.